डोझरची चेन पुन्हा पुन्हा सैल पडते? रिकॉइल स्प्रिंगला हात लावण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. जुना चेन डोझर आहे आणि पुढच्यापैकी एखादी गोष्ट सारखी होतेय, तर ही पोस्ट तुमच्यासाठी.

- ग्रीस मारून चेन ताणली, दोन-तीन दिवसांत पुन्हा लोंबली.
- पुढे चालताना काही नाही, पण रिव्हर्समध्ये, त्यातही चढावर, स्प्रॉकेटवर (चेन ओढणाऱ्या मागच्या दातेरी चाकावर) 'धाड' आवाज येतो आणि चेन दात चुकवते.
- चेन आयडलरवरून (पुढच्या मोठ्या चाकावरून) उतरते, आणि दर वेळी एकाच बाजूची.
- ट्रॅक फ्रेमच्या (चेनच्या आतल्या लोखंडी चौकटीच्या) पोटातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी खडखड येते. रोलरचा संशय येतो, पण रोलर बघितले तर ठीक.
- दोन्ही बाजूंचे आयडलर शेजारी उभं राहून बघितले तर एक मागे बसलेला दिसतो.
- आणि अगदी उलटं लक्षण: चेन एकाएकी तबल्याच्या वादीसारखी ताठ झाली, ग्रीस सोडली तरी ढिम्म सैल होत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही वाचू नका. इंजिन बंद करा, माणसं बाजूला घ्या आणि 'इथे थांबायचं' या भागावर जा.

मी गोव्यातल्या साखळी-डिचोली पट्ट्यात खाणींच्या मशिनांवर शिकलो आणि आजही तेच करतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, मग २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. या काळात किती डोझर गवतात उभे राहिले त्याची मोजदाद कोणी केली नसेल. बीईएमएलचे डी-५० आणि डी-८०, कॅटरपिलरचे डी-६, काही त्याहून म्हातारे. आता ते कोणी प्लॉट सपाट करायला, कोणी चिरेखाणीत, कोणी कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) रस्ता काढायला बाहेर काढतो. बॅटरी टाकली, डिझेल भरलं, इंजिन सुरू झालं की मालकाला वाटतं, मशीन झालं. आठवड्याने फोन येतो, "मेस्त्री, स्प्रिंग गेली."

बहुतेक वेळा स्प्रिंग गेलेली नसते. दहा फोन आले तर त्यातले सात-आठ चिखल, ग्रीसचं सील किंवा झिजलेली चेन यावरच मिटतात. स्प्रिंग हा या यादीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात घातक भाग, म्हणून तिच्यापर्यंत शेवटी पोचायचं.

ही स्प्रिंग करते काय

आयडलर म्हणजे पुढचं मोठं चाक, त्यावरून चेन वळते. आयडलरच्या मागे त्याला धरणारा काटा म्हणजे योक, योकच्या मागे ग्रीसने पुढे सरकणारा अ‍ॅडजस्टर आणि त्याच्या मागे ट्रॅक फ्रेमच्या पोटात मनगटाएवढ्या जाड सळईची रिकॉइल स्प्रिंग. खूप जुन्या मशिनांत ग्रीसऐवजी आट्यांचा स्क्रू असतो, तो पान्याने फिरवावा लागतो. काम एकच.

चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे दगड आला किंवा आयडलर चिऱ्याच्या कडेवर आदळला, की आयडलरला मागे सरकायला जागा लागते. ती जागा स्प्रिंग देते आणि दगड निघाला की आयडलरला पुन्हा पुढे ढकलते. ती नसती तर तो सगळा धक्का ट्रॅक पिनवर आणि फायनल ड्राइव्हच्या (स्प्रॉकेट फिरवणाऱ्या गिअरच्या) बेअरिंगवर गेला असता. रोजच्या कामात मात्र स्प्रिंगने हलायचं नसतं. कारखान्यातच ती कित्येक टनांनी दाबून, मधून जाणाऱ्या लांब बोल्टने बांधलेली असते. साधी ओढ त्या दाबापेक्षा कमी पडते, म्हणून ती गप्प बसते.

आता रिव्हर्सचा मुद्दा समजून घ्या, कारण अर्धं निदान इथेच होतं. स्प्रॉकेट मागे असतो. मशीन पुढे जाताना तो जमिनीवरची चेन ओढतो, म्हणून खालची बाजू ताणलेली आणि वरची सैल राहते. रिव्हर्स टाकलात की ओढ वरच्या बाजूने, आयडलरला वळसा घालून जाते. म्हणजे सगळा जोर आयडलरला मागे खेचतो. स्प्रिंग किंवा अ‍ॅडजस्टर लेचापेचा असेल तर आयडलर मागे जातो, स्प्रॉकेटच्या खाली चेनचा झोळ जमतो आणि दात चुकतात. 'फक्त रिव्हर्समध्ये आवाज करतो' असं ऑपरेटर म्हणाला तर ते वाक्य लिहून ठेवा.

पहिली तपासणी: पाणी आणि पहार

फुकटचं काम, म्हणून कोणी करत नाही. आपली तांबडी माती पावसात लोण्यासारखी आत शिरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात चिऱ्यासारखी घट्ट होते. स्प्रॉकेटच्या दातांच्या बुडाशी ती बसली की स्प्रॉकेटचा घेर वाढतो, चेन ताठ होते, ऑपरेटर ग्रीस सोडतो. दुसऱ्या दिवशी माती गळून पडते आणि चेन सैल. मग तो ग्रीस मारतो. हा खेळ महिनाभर चालतो आणि शिव्या स्प्रिंगला बसतात.

योक ज्या खाचेत मागेपुढे सरकतो ती खाच विशेष बघा. तिथली माती पहारीने खरवडून, पाण्याचा फवारा मारून साफ करा. खाच बुजली असेल तर आयडलर मागे गेल्यावर पुढे येत नाही, आणि चांगली स्प्रिंग मेल्यासारखी वागते. दहा वर्षं गवतात उभ्या राहिलेल्या एका डोझरच्या खाचेतून मी मुंग्यांचं अख्खं वारूळ काढलं होतं. त्यावर मालकाने नवीन स्प्रिंगची चौकशी आधीच करून ठेवली होती.

एक बारकावा. दोष शोधताना मशीन धुतलेलं हवं, पण रोजचा झोळ बसवताना काम जिथे आहे तिथल्या मातीसकट बसवायचा. चिखलात राबणारं मशीन धुऊन, चेन नेमकी ताणून पाठवलंत, तर माती भरल्यावर ती जास्त ताठ होणार आणि पिन आणि पिनवरची नळी म्हणजे बुश खाणार.

दुसरी: सुतळी आणि टेप

मशीन कडक, सपाट जागेवर घ्या. हळू पुढे चालवा आणि ब्रेक न लावता आपोआप थांबू द्या, म्हणजे सगळा झोळ वरच्या बाजूला येतो. रिव्हर्समध्ये येऊन थांबलात तर माप खोटं. इंजिन बंद, ब्लेड जमिनीवर. आयडलर आणि पुढचा वरचा रोलर यांच्यावरच्या शूंच्या (चेनवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या) माथ्यावर सुतळी ताणून धरा आणि मधोमध चेन सुतळीच्या किती खाली आहे ते मोजा. मधल्या आकाराच्या डोझरला साधारण २५ ते ४० मिमी मला पटतं. तुमच्या मशिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

दोन्ही बाजू मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल, पण आकडा पाहिजे. 'जरा लोंबतेय' यावरून काही कळत नाही. '३० होता, तीन दिवसांत ७५ झाला, फक्त डावीकडे' यावरून पुष्कळ कळतं. दोन्ही बाजू सारख्याच सैल पडत असतील तर स्प्रिंगचा विचार सोडून द्या. दोन स्प्रिंगा एकाच आठवड्यात एकाच मापाने जात नाहीत. ती झीज असते.

तिसरी: ग्रीस टिकतंय का

चेन नेमकी ताणा, मशीन न हलवता रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी पुन्हा सुतळी लावा. उभ्या उभ्या झोळ वाढला असेल तर ग्रीस कुठून तरी जातंय. आधी निपल आणि खालचा सोडायचा व्हॉल्व्ह पुसून कोरडे करा आणि तासाभराने बोट न लावता बघा. तिथे ताजं ग्रीस फुटलं असेल तर व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागी कचरा आहे किंवा तो झिजलाय. बाहेर काही नाही, पण फ्रेमच्या झाकणाखाली ग्रीसचा गोळा साठलाय, तर अ‍ॅडजस्टरच्या पिस्टनचं सील गेलं. सील स्प्रिंगच्या मानाने किरकोळ वस्तू आहे. पण काही मशिनांत अ‍ॅडजस्टर आणि स्प्रिंग एकाच जोडणीत असतात, तिथे सीलपर्यंत पोचण्याची वाट स्प्रिंगवरूनच जाते. तसं असेल तर सीलसाठीही वर्कशॉपच.

ग्रीस सोडण्याबद्दल एकदाच सांगतो, नीट ऐका. तो व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडायचा नाही. आत प्रचंड दाब असतो. व्हॉल्व्ह पूर्ण सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, आणि ग्रीसची बारीक धार कातडीतून आत शिरते. वर टोचल्याएवढं दिसतं, आत मात्र बोट सडत जातं. असं झालं तर 'बघू उद्या' म्हणायचं नाही, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि ग्रीस दाबाने आत गेलंय हे शब्द डॉक्टरला सांगायचे. व्हॉल्व्हच्या समोर तोंड, छाती, गुडघा काहीही नको. बाजूला बसून लांब पान्याने उघडा. ग्रीस येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी न उघडता मशीन पुढे-मागे वीतभर हलवा, पण त्या वेळी जवळ माणूस नको.

चौथी: ग्रीसची रेघ

ही माझी आवडती तपासणी. एक चमचा ग्रीस लागतं आणि स्प्रिंग की अ‍ॅडजस्टर, हा वाद मिटतो.

योक ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी फडक्याने पुसून घ्या. योकच्या मागच्या कडेला लागून पट्टीवर वीतभर ग्रीसचा जाड, एकसारखा थर लावा आणि योकची कड जिथे आहे तिथे खडूने खूण करा. आता सगळे लांब. ऑपरेटरला सांगा, सौम्य चढावर रिव्हर्समध्ये घे, एक वळण मार, मग सपाटीवर येऊन हळू पुढे चालत थांब. इंजिन बंद झाल्यावर जवळ जाऊन बघा.

थर जसाच्या तसा असेल तर आयडलर हललेला नाही. स्प्रिंग आणि अ‍ॅडजस्टर दोघेही निर्दोष, चेनकडे वळा. थर दोन-तीन बोटं पुसला गेलाय पण योकची कड खडूच्या खुणेवर परत आलीय, म्हणजे आयडलर मागे गेला आणि परत आला. दगडधोंडा लागला नसताना असं होत असेल तर स्प्रिंग मऊ पडलीय किंवा तुटलीय. थर पुसलाय आणि कड मागेच राहिलीय, म्हणजे ग्रीस दबून निसटतंय किंवा खाचेत योक अडकलाय. मग पहिल्या नाहीतर तिसऱ्या तपासणीकडे परत जा.

दोन्ही बाजूंना करा. चांगली बाजू हीच तुमची फूटपट्टी.

पाचवी: चेनच लांब झालीय का

पिन आणि बुश झिजले की प्रत्येक लिंक थोडी लांबते. लोखंड ताणलं जात नाही, सांध्यातली फट वाढते. स्प्रॉकेटच्या दातात जुनी ट्रॅक पिन अडकवा, माणसं लांब करून मशीन अगदी हळू रिव्हर्समध्ये सरकवा, वरची चेन सरळ ताणली जाईल. इंजिन बंद करून, चेनला ठोकळे लावून, एका पिनच्या कडेपासून चौथ्या पुढच्या पिनच्या त्याच कडेपर्यंत मोजा आणि चाराने भागा. मास्टर लिंक (जिथे चेन जोडतात-सोडतात ती) त्या मापात येऊ देऊ नका.

समजा नव्या चेनची पिच (दोन पिनांमधलं अंतर) २०३ मिमी आहे. चार लिंकांचे ८१२ व्हायला हवेत, तुमच्या टेपवर ८३० येतात. म्हणजे लिंकमागे साडेचार मिमी वाढ. एका बाजूला ३६ लिंक धरल्या तर चेन १६२ मिमी लांब झाली. चेन आयडलरला वरून आणि खालून अशी दोनदा लागते, म्हणून ती ताणायला आयडलर ८१ मिमी पुढे जावा लागतो. अ‍ॅडजस्टर तेवढा पुढे जाऊन टेकलेला असेल तर तुम्ही कितीही ग्रीस मारा, ते सीलमधूनच बाहेर येणार. सील फुटल्यावर लोक म्हणतात, सील वाईट होतं.

इथे आपल्याकडचा जुगाड म्हणजे एक लिंक काढून टाकायची. चेन ताठ होते, मालक खूष. पण उरलेल्या प्रत्येक लिंकची पिच वाढलेलीच असते, ती स्प्रॉकेटच्या दातात नीट बसत नाही आणि नवा स्प्रॉकेट लवकरच करवतीसारखा होतो. बुश एकाच बाजूने झिजले असतील तर ट्रॅक प्रेसवर पिन-बुश फिरवून घेता येतात. त्यासाठी झीज मर्यादेत असतानाच जायला हवं. बुश पार पातळ झाल्यावर फिरवण्यासारखं काही उरत नाही.

सहावी: आयडलर वाकडा चालतोय का

थोडक्यात सांगतो. मागे लांब उभं राहून मशीन सरळ चालताना बघा. लिंकच्या आतल्या गालावर एकाच बाजूला चकाकी असेल तर आयडलर किंवा फ्रेम तिरकी आहे. आयडलरच्या दोन्ही बाजूंच्या गाइड प्लेटची फट बघा. ती वाढली असेल तर पातळ पत्रे काढघाल करून बसवता येते. फ्रेमच्या तिरक्या हाताचं बुश गेलं असेल किंवा फ्रेमच वाकली असेल, तर तो वर्कशॉपचा विषय. चेन एकाच बाजूला उतरते पण सैल पडत नाही, या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

सातवी: झाकण काढून बघणं, फक्त बघणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि ग्रीसच्या रेघेने स्प्रिंगकडे बोट दाखवलं, तर ट्रॅक फ्रेमच्या वरचं झाकण काढा. बोल्ट गंजलेले असणार. आदल्या दिवशी संध्याकाळी तेल मारून ठेवा, घण मारत बसू नका. इंजिन बंद, ब्लेड खाली, चेनला पुढून-मागून ठोकळे. टॉर्च आणि आरसा घ्या. हात आत घालायचा नाही. बोटसुद्धा नाही.

काय बघायचं? वेटोळ्यांमधली अंतरं. मधल्या वेटोळ्यांत ती जवळजवळ सारखी हवीत. एखाद्या ठिकाणी दोन वेटोळी चिकटलेली आणि शेजारी मोठी फट दिसली, तर तिथे सळई तुटून तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे गुंतलेत. स्प्रिंग तेवढी आखूड होते, आयडलर तेवढा मागे येतो आणि तुमची चेन तेवढी सैल पडते. खडखड येते ती हीच. तुटलेलं टोक नवं असेल तर राखाडी दिसतं, जुनं असेल तर तांबडं. अर्धं तांबडं, अर्धं राखाडी असेल तर भेग आधीपासून होती आणि परवा पूर्ण सुटली.

भेग बहुधा वेटोळ्याच्या आतल्या अंगाने सुरू होते, कारण दाबल्यावर सगळ्यात जास्त पीळ तिथेच बसतो. गंजाचा एक खड्डा पुरतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस, फ्रेमच्या पोटात साठलेलं पाणी आणि मातीचा गोळा, हे सगळं त्या आतल्या अंगालाच चिकटून बसतं. खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत) बांध घालायला उतरवलेलं मशीन असेल तर त्यात खारं पाणीही आलं. अशा मशिनाची फ्रेम मी त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायला लावतो.

मग बोल्टचं नट बघा. बहुतेक जुन्या मशिनांत चेन सैल असताना नट आपल्या प्लेटवर घट्ट टेकलेलं असतं. तेच स्प्रिंगला दाबून धरतं. नट टेकलेलं असेल, बोल्ट सरळ असेल, तर निदान झालं: स्प्रिंग बदलायची. नट तिरकं दिसतंय, बोल्टचं टोक बाहेर आलंय, आट्यांवर ताजी चकाकी आहे किंवा नट जागेवरच नाही, तर झाकणही परत लावू नका. उठा आणि मागे सरा.

इथे थांबायचं

बोल्ट तुटला की स्प्रिंगला दाबून धरणारं काही उरत नाही. ती पसरते, आयडलरला पुढे रेटते आणि चेन ताठ होते. वरच्या यादीतलं शेवटचं लक्षण हेच. अशा वेळी स्प्रिंगला धरून ठेवते ती फक्त चेन. तुम्ही चेनची मास्टर पिन काढलीत की कित्येक टन मोकळे सुटले.

आकडा हवा असेल तर घ्या. समजा स्प्रिंग १० टनांनी, मोकळ्या लांबीपेक्षा १२० मिमी दाबलेली आहे. तिच्यात साठलेला जोर म्हणजे ६०० किलोचा ठोकळा एक मीटर उंचीवरून पडण्याएवढा. फरक एवढाच की ठोकळा खाली पडतो, ही आडवी येते.

मी शिकाऊ होतो तेव्हा एका वर्कशॉपात असा दबलेल्या स्प्रिंगचा बोल्टसकट नग बाहेर काढून चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. बोल्टला भेग होती, ती कोणी बघितली नाही. नट सुटत नव्हतं, म्हणून गॅस लावायचं ठरलं. गॅस कटर पेटवायला हेल्परला लायटर सापडेना, तो ऑफिसात गेला, बाकीचे चहाला. चहा अर्धा झाला आणि स्फोट झाल्यासारखा आवाज आला. गॅस लागलेलाच नव्हता, बोल्ट आपला आपण गेला. प्लेट अंगण ओलांडून टायरांच्या थप्पीत रुतली आणि भिंतीतला चिरा अर्धा फुटून बाहेर पडला. पुढे तिथे नवीन चिरा बसवला. बाकी भिंत काळवंडलेली, तो एक चिरा तांबडालाल. लायटर ऑफिसात टेबलावरच होता.

म्हणून हे करायचं नाही, कोणी कितीही अनुभवाचा असो: रिकॉइल बोल्टचं नट मशिनावर किंवा जमिनीवर सोडायचं नाही. बोल्टला, नटला, स्प्रिंगला गॅस लावायचा नाही. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि ती लवकरच पुन्हा तुटते. साखळ्या आणि दोन जॅक लावून 'घरगुती प्रेस' करायचा नाही. त्याचे व्हिडिओ सापडतात. ज्यांचं फसलं त्यांचे सापडत नाहीत.

बोल्ट शाबूत असेल तर अनुभवी मेकॅनिक दाब सोडून, चेन फोडून, आयडलरसह पूर्ण नग पुढून बाहेर काढू शकतो. क्रेन किंवा लोडर लागतोच. तो दबलेला, बांधलेला नग आहे तसाच वर्कशॉपला न्यायचा. बोल्ट तुटला असेल किंवा ते कळत नसेल, तर चेनसुद्धा फोडायची नाही. त्या कामाचा माणूस मशिनाकडे बोलवायचा.

वर्कशॉप कसं ओळखायचं? पहिला प्रश्न विचारा, 'प्रेसला पिंजरा आहे का?' स्प्रिंग दाबताना आणि सोडताना चारही बाजूंनी जाड पोलादी जाळी हवी, आणि प्रेसची चाल स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत पुरायला हवी. 'आम्ही नेहमी करतो, काही होत नाही' असं उत्तर आलं तर गाडी वळवा. आमचे काही नग चोर्ला घाटातून बेळगावला जातात. लांब पडतं, पण मला झोप लागते. टेम्पोत नग आडवा ठेवून दोन ठिकाणी बेल्टने बांधा. त्याचं टोक केबिनकडे नको, मागे बसणाऱ्या हेल्परकडे तर नकोच. त्या दिवशी मागे कोणी बसूच नये.

वर्कशॉपला सांगायच्या गोष्टी: मशिनाचं मॉडेल आणि चासी नंबर, तुमच्या वहीतला झोळाचा आकडा, ग्रीसच्या रेघेचा निकाल. स्प्रिंगबरोबर बोल्ट आणि नट नवीनच घाला, तिथे वाचवलेले पैसे फार महाग पडतात. पिस्टनचं सील त्याच उघडझापीत बदला. बांधल्यावर स्प्रिंगची लांबी पुस्तकातल्या मापावर आहे का, हे टेप लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. कमी दाबलेली स्प्रिंग रिव्हर्समध्ये पुन्हा तोच आवाज देईल, जास्त दाबलेली दगड आल्यावर सरकणारच नाही. दुसऱ्या बाजूची मोकळी लांबी मोजायची संधी मिळाली तर सोडू नका. ती पुस्तकातल्या मापापेक्षा बसलेली असेल तर दोन्ही बदला, नाहीतर मशीन एका बाजूला ओढत राहील.

मशीन परत आल्यावर पहिले आठ-दहा तास हलकं काम, मग सुतळी. आठवड्याने पुन्हा सुतळी आणि ग्रीसची रेघ. झाकणाची गास्केट किंवा रबर कुजलं असेल तर नवं घाला, आणि फ्रेमच्या तळाला पाणी जायचं भोक असतं, त्यात जाड तार घालून बघा. मी बघितलेल्या अर्ध्याअधिक मशिनांत ते मातीने बंद होतं. एकात तर कोणीतरी लाकडाची खुंटी ठोकून ठेवली होती, ग्रीस गळतं म्हणून.